हिवाळ्याचे बिल आणि नगराची वीजसंस्था : ओसेज येथील अनुभवाचा अभ्यास

ज्या प्रदेशात हिवाळ्यात पारा शून्याच्या पुष्कळ खाली उतरतो, तेथे घर उबदार ठेवणे ही चैन नसते. ती अन्नवस्त्रांइतकीच निकडीची गरज असते. अशा प्रदेशांत थंडीच्या चार-पाच महिन्यांतील वीज व गॅस यांचे बिल हा सामान्य कुटुंबाच्या अंदाजपत्रकातील सर्वांत जड बोजा ठरतो. उत्पन्न बारा महिने सारखेच असते, खर्च मात्र हिवाळ्यात दुप्पट-तिप्पट होतो. बिल थकले तर पुरवठा तुटण्याची भीती, आणि बिल भरले तर औषधोपचार, मुलांचे शिक्षण किंवा आहार यांवर काटछाट, अशा पेचात अल्प उत्पन्नाची कुटुंबे सापडतात.

या पेचातून कुटुंबांची सोडवणूक कोणी करावी? शासनाने साहाय्य द्यावे, हे उत्तर सर्वपरिचित आहे. तथापि बिल पाठविणारी स्थानिक पुरवठा संस्थाच बिल कमी करण्याच्या कामी पुढाकार घेऊ शकते आणि तसे करण्यात तिचेही हित असते, ही गोष्ट तितकीशी परिचित नाही. अमेरिकेतील आयोवा राज्याच्या उत्तर भागात, मिनेसोटा राज्याच्या सीमेजवळ, ओसेज नावाचे एक लहान नगर आहे. त्याची लोकवस्ती जेमतेम साडेतीन हजारांच्या घरात आहे. या नगराने १९७४ नंतर जो मार्ग चोखाळला, तो ऊर्जाबचतीच्या अभ्यासकांमध्ये आदर्श उदाहरण म्हणून मान्यता पावला. त्या अनुभवाचा आणि त्यामागील तत्त्वांचा परिचय येथे करून देण्यात येत आहे.

पार्श्वभूमी

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब तेलउत्पादक राष्ट्रांनी निर्यातबंदी जाहीर केली. खनिज तेलाचा दर पिंपामागे सुमारे ३ डॉलरवरून १९७४ च्या प्रारंभी सुमारे १२ डॉलरवर गेला. तेलापाठोपाठ इतर इंधनांच्या किमतीही चढू लागल्या. पुढे १९७६-७७ च्या कडक हिवाळ्यात नैसर्गिक वायूच्या टंचाईमुळे अमेरिकेच्या अनेक भागांत शाळा व कारखाने बंद ठेवण्याची पाळी आली. स्वस्त इंधनाच्या काळात बांधलेली घरे या परिस्थितीला तोंड देण्यास असमर्थ होती. त्यांच्या भिंती पोकळ, खिडक्या एकेरी काचेच्या आणि छताखालील जागा उघडी होती. घरात निर्माण केलेली ऊब फटींवाटे व छतावाटे बाहेर जात होती.

ओसेजमध्ये वीज आणि नैसर्गिक वायू या दोहोंचा पुरवठा नगराच्या मालकीची संस्था करते. अमेरिकेत अशा सार्वजनिक मालकीच्या वीजसंस्था सुमारे २,००० असून एकट्या आयोवा राज्यात त्यांची संख्या शंभराहून अधिक आहे. ओसेजच्या संस्थेचे महाव्यवस्थापक वेस बर्डसॉल यांनी १९७४ पासून ग्राहकांना एक अनपेक्षित गोष्ट सांगण्यास आरंभ केला. आपली संस्था जो माल विकते, तो कमी वापरा, असे ते सांगत होते. केवळ उपदेशावर ते थांबले नाहीत. घर तपासण्यापासून ते दुरुस्तीपर्यंत संस्थेने ग्राहकाला हात देण्याची पद्धत त्यांनी घालून दिली.

दोष दाखवून देणे

बचतीच्या आवाहनाला लोक मान डोलावतात, परंतु आपल्या घरात नेमके काय बिघडले आहे हे दिसल्याखेरीज खर्चाला तयार होत नाहीत. ओसेजच्या संस्थेने हे ओळखले व नगरातील घरांची उष्णतादर्शक छायाचित्रे विनामूल्य काढून दिली. या छायाचित्रणात डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण टिपले जातात. थंडीच्या रात्री, घरातील व बाहेरील तापमानांत मोठा फरक असताना, घराचे बाहेरून छायाचित्र घेतले की ज्या भागांतून ऊब निसटते ते भाग उजळ दिसतात. दाराची चौकट, खिडकीची कड, छप्पर आणि भिंत यांचा सांधा, अशा जागा चित्रात स्पष्ट उमटतात. घरमालकाला स्वतःच्या घराचे चित्र हाती मिळाले की युक्तिवादाची गरज उरत नाही.

अलीकडच्या काळात याच्या जोडीला दारातील पंख्याची चाचणी केली जाते. मुख्य दाराच्या चौकटीत एक शक्तिमान पंखा घट्ट बसवून घरातील हवा बाहेर फेकली जाते. आतील व बाहेरील दाबात ५० पास्कल इतका ठराविक फरक राखला जातो आणि तो राखण्यासाठी किती हवा बाहेर काढावी लागते हे मोजले जाते. जितकी हवा अधिक, तितक्या घराच्या फटी अधिक. दुरुस्तीपूर्वी व दुरुस्तीनंतर अशी दोनदा मोजणी केली म्हणजे कामाचा उपयोग किती झाला हे आकड्यांत सांगता येते.

लहान कामे आणि मोठी कामे

तपासणीनंतरच्या कामांचे दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग अल्प खर्चाच्या कामांचा. खिडक्या-दारांच्या फटी बुजविणे, पाणी तापविण्याच्या टाकीला उष्णतारोधक आवरण घालणे, कमी पाणी सोडणारे स्नानाचे फवारे बसविणे, टाकीतील पाण्याचे तापमान सुमारे ४९ अंश सेल्सियसवर ठेवणे, ही त्यांतील प्रमुख कामे होत. दुसरा वर्ग मोठ्या खर्चाच्या कामांचा. छताखाली आणि भिंतींच्या पोकळीत उष्णतारोधक थर भरणे, दुहेरी काचेच्या खिडक्या लावणे, जुनी भट्टी बदलून अधिक कार्यक्षम भट्टी बसविणे, यांचा त्यात समावेश होतो.

कामांचा क्रम ठरविताना एक साधे शास्त्रीय तत्त्व उपयोगी पडते. भिंतीतून अगर छतातून जाणारी उष्णता आतील व बाहेरील तापमानांतील फरकाच्या प्रमाणात असते. बाहेर उणे १५ अंश आणि घरात २० अंश असताना हा फरक ३५ अंशांचा होतो. घरातील तापमान १७ अंशांवर आणले तर फरक ३२ अंशांचा उरतो व उष्णतेचा ऱ्हास सुमारे ९ टक्क्यांनी घटतो. यासाठी काहीच खर्च येत नाही. परंतु वृद्ध, आजारी व तान्ही मुले असलेल्या घरांत तापमान फार उतरविणे हितावह नसते. तेथे भिंत व छत सुधारणे हाच मार्ग उरतो.

उष्णतारोधक थराबाबतही तारतम्य लागते. थराची रोधक्षमता दुप्पट केली म्हणजे त्या भागातील ऱ्हास निम्म्यावर येतो. १०० एकक ऱ्हास ५० वर येतो, दुसऱ्यांदा दुप्पट केल्यास २५ वर, तिसऱ्यांदा साडेबारांवर. म्हणजे पहिल्या थराने ५० एकक वाचतात, तर तिसऱ्या वेळच्या वाढीने केवळ साडेबारा. म्हणून एकाच घरावर सर्व निधी खर्च करण्यापेक्षा, मुळीच थर नसलेल्या अनेक घरांना पहिला थर देणे सामाजिक दृष्ट्या अधिक लाभदायक ठरते. एक-दोन नमुनेदार घरे सजविण्यापेक्षा संबंध नगर हा कार्यक्रमाचा घटक मानण्यात ओसेजच्या संस्थेचा व्यवहारीपणा दिसून येतो. नव्या इमारतींच्या बाबतीत तर, पुरेसा उष्णतारोधक थर नसल्यास जोडणी देऊ नये, अशी कडक भूमिका तिने घेतली.

सुरक्षिततेची दक्षता

घराच्या फटी बुजविताना एक धोका लक्षात ठेवावा लागतो. गॅसच्या भट्टीत ज्वलन अपुरे झाल्यास कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निर्माण होतो. त्याला रंग नसतो व वासही नसतो. फटी असलेल्या घरात तो काही अंशी विरून जातो, परंतु बंदिस्त केलेल्या घरात तो साठून प्राणघातक ठरू शकतो. यास्तव भट्टी व धुराडे यांची तपासणी आधी, फटी बुजविणे नंतर, आणि शेवटी पुन्हा तपासणी, असा क्रम पाळला जातो. वायूचा इशारा देणारे यंत्रही बसविले जाते. बचतीचे काम प्रशिक्षित माणसांच्या हातीच असावे, ते याच कारणाने.

कमी विकून संस्थेचा लाभ कसा होतो?

जी संस्था वीज व गॅस विकते, तिने विक्री घटविण्यासाठी झटावे हे प्रथमदर्शनी विसंगत वाटते. त्याचा उलगडा संस्थेच्या खर्चाच्या रचनेत आहे. वीज साठवून ठेवणे कठीण असल्याने वर्षातील सर्वाधिक मागणीच्या काही तासांसाठी यंत्रसामग्री, वाहिन्या व रोहित्रे सज्ज ठेवावी लागतात. घाऊक वीज विकत घेणाऱ्या लहान संस्थेला तर वापरलेल्या युनिटांच्या किमतीखेरीज कमाल मागणीवर आधारित स्वतंत्र आकारही द्यावा लागतो. ही कमाल मागणी वाढत गेली की नवे वीजकेंद्र, नव्या वाहिन्या आणि त्यांसाठी नवे कर्ज अटळ होते. कर्जाचे व्याज अखेर ग्राहकांच्या दरातच उतरते. याउलट बचतीमुळे मागणीची वाढ रोखली गेल्यास भांडवली खर्च टळतो.

ओसेजमध्ये हेच घडले. मागणीच्या ऐन वेळी काही उपकरणे थोडा वेळ बंद ठेवण्याची नियंत्रण पद्धतीही तेथे योजण्यात आली. नगरातील गॅसचा वापर घटला, विजेच्या मागणीची वाढ मंदावली, संस्थेने आपली कर्जे मुदतीपूर्वी फेडली आणि इतरत्र दर चढत असता ओसेजमध्ये ते एकाहून अधिक वेळा खाली आणले गेले. म्हणजे ग्राहकाला दुहेरी लाभ झाला. त्याचे युनिट कमी झाले आणि प्रत्येक युनिटचा दरही उतरला.

आणखी एक लाभ नगराच्या अर्थव्यवस्थेला झाला. गॅस व घाऊक वीज बाहेरून येते, तेव्हा बिलाच्या रकमेचा बराच भाग नगराबाहेर जातो. घर सुधारण्यावर केलेला खर्च मात्र स्थानिक सुतार, गवंडी, दुकानदार यांच्या हाती पडतो, आणि वाचलेली रक्कम नगराच्याच बाजारपेठेत फिरते. सार्वजनिक मालकीच्या संस्थेला हा हिशेब लवकर पटतो, कारण तिचे ग्राहक हेच तिचे मालक असतात. खासगी भागधारकांच्या संस्थेचे उत्पन्न विक्रीशी बांधलेले असते. तेथे बचतीला उत्तेजन देण्यासाठी नियामक मंडळांना वेगळे नियम करावे लागतात.

समान मासिक हप्ते

बचतीची कामे पूर्ण होण्यास वेळ लागतो, हिवाळा मात्र दरवर्षी येतो. त्यासाठी पुरवठा संस्था समान मासिक हप्त्यांची सोय उपलब्ध करून देतात. मागील बारा महिन्यांच्या वापरावरून वर्षाचे एकूण बिल काढून त्याचे बारा समान भाग केले जातात व ठराविक काळाने प्रत्यक्ष वापराशी ताळा घातला जातो. उदाहरणादाखल, एखाद्या कुटुंबाचे नोव्हेंबर ते मार्च या पाच महिन्यांचे बिल प्रत्येकी २०० डॉलर आणि उरलेल्या सात महिन्यांचे प्रत्येकी ६० डॉलर आहे असे मानू. वर्षाची बेरीज १,४२० डॉलर होते व मासिक हप्ता सुमारे ११८ डॉलर पडतो. जानेवारीतील २०० डॉलरांचा धक्का टळतो.

परंतु या सोयीने वर्षाचा एकही डॉलर कमी झालेला नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. त्याच कुटुंबाच्या घराची दुरुस्ती होऊन हिवाळ्याची बिले एक चतुर्थांशाने उतरली, तर पाच महिन्यांचे १,००० डॉलरऐवजी ७५० डॉलर होतील, वर्षाची बेरीज १,१७० डॉलर आणि हप्ता साडेसत्त्याण्णव डॉलर पडेल. हप्त्यांमुळे भार वर्षभर वाटला जातो, दुरुस्तीमुळे तो हलका होतो. दोन्ही उपाय एकत्र योजले तरच कुटुंबाला टिकाऊ दिलासा मिळतो. समान हप्त्यात एक दोषही आहे. दर महिन्याला तीच रक्कम भरण्याची सवय झाली की वापर वाढल्याचे लक्षात येत नाही. म्हणून बिलावर हप्त्याबरोबर प्रत्यक्ष वापर व मागील वर्षीच्या त्याच महिन्याचा वापर छापणे इष्ट असते.

तोडणीपासून संरक्षण आणि त्याची मर्यादा

अत्यल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी अमेरिकेत दोन केंद्रीय योजना आखण्यात आल्या. १९७६ च्या कायद्यान्वये गरीब कुटुंबांची घरे थंडीसाठी विनामूल्य सज्ज करून देण्याचा कार्यक्रम सुरू झाला. १९८१ साली ऊर्जाबिलांसाठी अर्थसाहाय्याची योजना स्थापन झाली. साहाय्याची रक्कम सामान्यतः थेट पुरवठा संस्थेकडे जमा होते. आयोवात वृद्ध व अपंग व्यक्ती असलेल्या कुटुंबांचे अर्ज इतरांच्या एक महिना आधी, ऑक्टोबरमध्येच, स्वीकारले जातात.

याशिवाय आयोवाच्या कायद्याने, साहाय्यास पात्र ठरलेल्या कुटुंबाचा पुरवठा १ नोव्हेंबर ते १ एप्रिल या काळात तोडण्यास मनाई केली आहे. ऐन थंडीत एखादे घर गारठून जाऊ नये, हा त्यामागील माणुसकीचा हेतू होय. मात्र या काळात बिलाची आकारणी थांबत नाही. जे कुटुंब संरक्षण आहे म्हणून पाच महिने काहीच भरत नाही, त्याच्यापुढे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पाच महिन्यांची साचलेली थकबाकी उभी राहते. थंडी सरते आणि तोडणीची नोटीस येते. पुढचा हिवाळा ते कुटुंब मागील कर्जासह सुरू करते.

येथेच स्थानिक संस्थेची खरी कसोटी लागते. नोटीस पाठवून मोकळे होणे सोपे असते. त्याऐवजी पहिले बिल थकताच कुटुंबाशी संपर्क साधणे, झेपेल तेवढी रक्कम दरमहा भरण्यास सांगणे, साहाय्याच्या अर्जासाठी योग्य कार्यालयाचा पत्ता देणे आणि त्या घराची तपासणी अग्रक्रमाने करणे, ही कामे नगरातील संस्थाच करू शकते. थकबाकीदारांची यादी ही बहुधा गळक्या घरांचीही यादी असते. वसुलीच्या दप्तराकडे या दृष्टीने पाहिले, तर दुरुस्तीचा निधी कोठे खर्च करावा याचे उत्तर त्यातच सापडते.

भाडेकरूंचा प्रश्न अधिक बिकट असतो. बिल भाडेकरू भरतो, भिंत मालकाची असते. मालकाला दुरुस्तीत स्वारस्य नसते, कारण बचत त्याला मिळत नाही. भाडेकरू खर्च करीत नाही, कारण घर त्याचे नसते. आवाहनाने हा पेच सुटत नाही. जोडणीच्या अटी, दुरुस्तीच्या कर्जाची बिलातून परतफेड आणि सार्वजनिक निधी मिळाल्यास काही काळ भाडेवाढ न करण्याची मालकाची हमी, असे उपाय त्यासाठी योजावे लागतात.

महाराष्ट्रातील संदर्भ

महाराष्ट्रातील हवामान आयोवासारखे नाही. येथे घर उबविण्यासाठी भट्टी लागत नाही आणि घरगुती विजेचा भार सामान्यतः उन्हाळ्यात चढतो. तरीही काही बाबतींत तत्त्व तेच राहते. हिवाळ्यात नळाचे पाणी २८ अंशांऐवजी १८ अंशांवर येत असेल, तर ४० अंशांपर्यंत तापविण्यासाठी १२ अंशांऐवजी २२ अंशांची वाढ करावी लागते. ४० लिटर पाण्यासाठी अर्ध्या युनिटाच्या जागी एक युनिट लागते. गिझरच्या टाकीतून वाया जाणारी उष्णता त्याखेरीज असते. टप्पानिहाय दरपद्धतीत अधिक युनिटांचा दर चढा असल्याने वाचलेले युनिट नेहमी सर्वांत महाग टप्प्यातील असते. सौर जलतापक, टाकीचे तापमान मर्यादित ठेवणे व तारांकन पाहून उपकरण घेणे, यांचे महत्त्व यावरून ध्यानात येईल.

सार्वजनिक मालकीची स्थानिक वीजसंस्था ही कल्पनाही येथे नवी नाही. मुंबई महानगरपालिकेने १९४७ साली वीजपुरवठा व वाहतूक यांचा उपक्रम आपल्या ताब्यात घेतला, तोच आज बेस्ट म्हणून परिचित आहे. राज्याच्या बहुतांश भागात विद्युत मंडळाच्या २००५ मधील विभाजनानंतर वितरणाचे काम महावितरणकडे आले. ग्रामपंचायती स्वतः वीज विकत नसल्या तरी त्या विजेच्या मोठ्या ग्राहक आहेत. पाणीपुरवठ्याचे पंप आणि पथदिवे यांचे बिल ग्रामनिधीतून जाते. पंप योग्य क्षमतेचा आहे काय, वाहिनी गळते काय, दिवे दिवसा जळतात काय, याची वर्षातून एकदा मोजणी करून ती ग्रामसभेपुढे ठेवणे कोणत्याही पंचायतीला शक्य आहे. शाळांतील विद्यार्थ्यांनी आपापल्या घरच्या मीटरची नोंद महिनाभर ठेवून तिची तुलना करणे, हा गणित व विज्ञान या दोन्ही विषयांचा उत्तम प्रत्यक्ष पाठ होऊ शकतो.

निष्कर्ष

ओसेजच्या अनुभवातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, बचतीचे काम मोजणीपासून सुरू व्हावे आणि मोजणीनेच तपासले जावे. दुसरी, हप्ते, साहाय्य व तोडणीपासून संरक्षण हे उपाय संकटकाळी आवश्यक असले तरी ते बिल पुढे ढकलतात किंवा दुसऱ्याच्या खात्यावर टाकतात. बिल खऱ्या अर्थाने घटते ते घर सुधारल्याने. तिसरी, हे काम दूरच्या कार्यालयापेक्षा स्थानिक संस्थेला अधिक चांगले साधते, कारण कोणत्या गल्लीतील कोणते घर गळके आहे आणि कोणत्या घरातील वृद्ध एकटे राहतात, हे तिला ठाऊक असते. साडेतीन-चार हजार वस्तीच्या एका नगराने विशेष संपत्ती अगर दुर्मीळ यंत्रे नसताना हे कार्य अनेक वर्षे नेटाने चालविले. दरवर्षी थंडी येण्यापूर्वी थोडी घरे दुरुस्त होत गेली, आणि त्या घरांतील कुटुंबांना एप्रिलच्या नोटिशीची धास्ती उरली नाही.